शकू, तुझी गोष्ट विज्ञानकथाच होती

शकू,

तू गेल्यानंतर तुझे दादा आज पहिल्यांदा ड्यूटीवर गेले. डबा हातात दिला तर म्हणाले, "भूक नाई लागन." तरी घेऊन गेले. सायकल फाटकाबाहेर काढताना सवयीनं पडवीकडे वळून पाहिलं. तुझी खुर्ची मी आत नेऊन ठेवली आहे. तिथली रिकामी फरशी पाहून ते क्षणभर थांबले, मग पायडल मारून निघाले. मी अजून रजेवर आहे. घरात कुणी नाही, म्हणून तुझ्याशी बोलायला बसले. आपला वाद अर्धवट राहिला आहे. तू जाणार हे माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, तुला सगळ्यांच्या आधी. पण वाद मिटवून जाशील असं उगीच वाटत होतं.

तू आलीस तेव्हा माझ्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी नागपूरची, बी.एस्सी. झालेली, शाळेत विज्ञान शिकवण्याचं डोक्यात वेड. आणि नवऱ्याचं क्वार्टर भिलाईला, जिथं तेव्हा धड रस्ता नव्हता. जिकडे पाहावं तिकडे खणलेला मुरूम, मधेच उभी राहिलेली चिमणी, क्रेन, आणि पोलादाचा कारखाना उभारायला आलेले, उन्हानं लालबुंद झालेले रशियन. तुझे दादा मशीन शॉपमध्ये टर्नर. एक दिवस जेवताना म्हणाले, "शकूले इकडं आनतो. गावात दवाखाना नाई. इकडं डॉक्टर तरी हाय."

तुमसरच्या पलीकडच्या त्या गावाहून तू आलीस, ती दुर्ग स्टेशनवर उतरल्या उतरल्या ट्रंकेवरच बसलीस. ओठ निळसर, मान खाली. मला वाटलं, दमा असेल. विचारलं तशी तू मान वर केलीस.

"दमा नाई जी वहिनी. काळीज खराब हाय."

पाटी फुटली म्हणून सांगावं, तितक्या साधेपणानं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाला चार कप्पे, कप्प्यांना दारं. रक्त पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्या दारांचं काम. तुझं डावीकडचं दार आखडलं होतं. डॉक्टर हिंदीत सांगत होते, मी मराठीत, आणि तू आमच्या दोघांकडेही न बघता त्या चित्राकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "त्याईले विचारा ना, घराचं दार खराब झालं तं सुतार बदलवून देते. हे कावून नाई बदलवत?"

मी हसत हसत ते हिंदीत सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "अभी तक किसी ने बदला नहीं है." म्हणजे इथल्या कुणी नव्हे. जगातच कुणी नव्हे.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात आपण गेलो ते याच आशेवर, की तिथं बोट घालून आखडलेलं दार मोकळं करतात. तिथले सर्जन सज्जन होते. तुझ्या पाठीवर हात ठेवून बोलले. दार नुसतं आखडलेलं नाही, म्हणाले, फाटलेलंही आहे. उघडून दिलं तर मिटणार नाही. याला हात लावता येत नाही. हे काढून नवंच बसवायला हवं, आणि नवं अजून कुणी केलेलं नाही. परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होतीस. दादा तोंड धुवायला म्हणून उठून गेले, ते बराच वेळ आले नाहीत. मी बघायला उठू लागले तशी तू माझा पदर धरलास.

"रडून येऊ द्या त्याले. अन् आल्यावर काई विचारू नका."

तेव्हा तू अठरा वर्षांची असशील. त्या दिवसापासून मी तुला लहान समजणं सोडलं.

आपल्या मराठी मंडळाचा वार्षिक अंक निघायचा. एका वर्षी अंकाचं संपादन करणाऱ्या पाठककाकांनी ठरवलं की या खेपेला विज्ञानकथांचा अंक काढायचा. आकाशात उपग्रह फिरू लागला होता, तो सोडणाऱ्या देशाची माणसं आपल्याच बाजारात कांदे-बटाटे घेत होती. मग आपण मागे का राहावं, असं त्यांचं म्हणणं. कुणी त्याला शास्त्रीय कथा म्हणे, कुणी वैज्ञानिक कथा, कुणी विज्ञानकथा. नावावर एकमत नाही, तिथं व्याख्येवर कुठून होणार? समितीची बैठक आपल्याच पडवीत झाली, कारण समितीत मी होते आणि तुला ऐकायचं होतं.

पाठककाका अकाउंट्समधले. त्यांना सगळं बिनचूक लागे. ते म्हणाले, "कथेतलं विज्ञान परीक्षेत उतरलं पाहिजे. नाहीतर ती भाकडकथा." चरोद्याहून लोकलनं आलेले रेल्वेचे बोरकर उसळले. "मग कथा कशाला, पाठ्यपुस्तकच छापा! अहो, यान पाहिजे, दुसरा ग्रह पाहिजे, भविष्यकाळ पाहिजे. वाचणाऱ्याचे डोळे विस्फारले पाहिजेत." मी माझी व्याख्या मांडली. शाळेत प्रयोग शिकवते तशी. एक गोष्ट बदलायची, बाकीचं सगळं आहे तसं ठेवायचं, आणि मग काय होतं ते प्रामाणिकपणे लिहायचं.

कोपऱ्यातून तू विचारलंस, "यानात बसून गेला त्याची माय घरी काय करते, हे लिवलं तं चालन का जी?"

बोरकर म्हणाले, "ते कौटुंबिक कथेत जाईल, बाई."

सगळे हसले. तूही हसलीस. आणि त्याच आठवड्यात लिहायला बसलीस. सातवीपर्यंत शिकलेली तू; पण मी लायब्ररीतून आणलेलं सगळं, माझ्या आधी, तू वाचून संपवलेलं असायचं.

तुझी गोष्ट मला पहिल्यांदा वाचून दाखवलीस ती दुपार आठवते. मी तांदूळ निवडत होते. एका गावात कारखाना उभा राहतो. तिथं असं पोलाद निघतं की ते रक्तात गंजत नाही. एक टर्नर लेथवर सुपारीएवढं दार घडवतो, डॉक्टर ते एका मुलीच्या काळजात बसवतात, मुलगी उठते आणि धावत जाऊन तळ्याला फेरी मारते. संपली गोष्ट. तू माझ्याकडे पाहिलंस.

"ही विज्ञानकथा नाही, शकू," मी म्हणाले. "ही इच्छा आहे."

"इच्छा असली तं का होते?"

"इच्छेची गोष्ट म्हणजे परीकथा. परीनं कांडी फिरवली, झालं. तुझ्या टर्नरनं लेथ फिरवली, झालं. फरक काय?"

"लेथ फिरवनारा माहा भाऊ हाय. परी कोनी पायली?"

मला हसू आलं, पण मी सोडलं नाही. रक्तात धातू ठेवला की त्यावर गाठ धरते, ती गाठ सुटून मेंदूत जाऊ शकते. हृदय उघडून काम करायचं तर तोवर रक्त फिरवणार कोण? तू गाल फुगवून ऐकून घेतलंस. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "सांगा मंग, कसं कसं करावं लागन ते." आणि मग आपण दोघी शिकलो. मी लायब्ररीतून शरीरशास्त्राची जाडजूड पुस्तकं आणली, तू माझ्याकडून समजून घेतलंस. एखाद्या डॉक्टरला विचारायचे प्रश्न तू लिहून द्यायचीस. रक्त बाहेरच्या यंत्रातून फिरवायचे प्रयत्न परदेशात चालले आहेत, हे आपल्याला त्यातच कळलं. पाठककाकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे तूही कबूल केलंस. "खोटं लिहाले बी खरं मालूम पाहिजे," असं म्हणाली होतीस.

माझ्या व्याख्येला मात्र तू सुरुंग लावलास. मी विळीवर भाजी चिरत होते.

"वहिनी, तुमी म्हनता एक गोष्ट बदलवा अन् बाकी तसंच ठेवा. पन बाकी तसं राहतच नाई ना. ते दार बदलवलं, का त्या पोरीचं लगन करा म्हनतीन. तिच्या भावाची काळजी गेली, का तो दुसऱ्या कशाची काळजी शोधन. अन् वहिनीची खोली मोकळी होईन."

माझा हात थांबला. दोन खोल्यांच्या त्या क्वार्टरमध्ये तुझ्या खाटेसाठी आम्ही काय काय हलवलं होतं, ते तू सगळं पाहिलं होतंस. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता. तू गोष्टीचा विचार करत होतीस.

"मग तेच लिही," मी म्हणाले.

ते तू लिहिलंस. दुसऱ्या खेपेची गोष्ट. तीत ऑपरेशन दोन ओळींत होतं आणि मुलगी बरी झाल्यावर गोष्ट सुरू व्हायची. डॉक्टर तिला सांगतात, आता तू चारचौघींसारखी जगशील. घरात पेढे वाटतात. मग हळूहळू भाऊ तिला सायकलवर बसवून न्यायचं बंद करतो, कारण आता ती चालू शकते. पाण्याची घागर तिच्याकडे येते. रागावायचं नाही, दुखवायचं नाही, असा जो घराचा नियम होता तो मोडतो, आणि पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर ओरडतं. तिला रडूही येतं, बरंही वाटतं. आपण चाळिशीत कशा असू, हे तिनं कधी मनात आणलेलंच नसतं; आता आणावं लागतं, तर तिला त्याची भीती वाटते. शांत बसलं की छातीत त्या दाराची टकटक ऐकू येते. शेवटी ती बाजारात जाते आणि पक्क्या रंगाचं लुगडं मागते. तोवर ती कायम म्हणत आलेली असते, कच्च्या रंगाचं चालेल, किती दिवस नेसायचं आहे.

ते ऐकून मी पदरानं तोंड झाकलं आणि स्वयंपाकघरात गेले. तू मागून विचारत होतीस, "आता झाली का विज्ञानकथा? सांगा ना!" हो, झाली. मी तुला तेव्हाच सांगितलं. यंत्राबद्दल लिहिलं म्हणून नव्हे. यंत्र आल्यावर माणसांचं एकमेकांशी काय होतं, ते तू न घाबरता पाहिलंस म्हणून.

पाठककाकांनी ती परत पाठवली. "गोष्ट फार चांगली आहे, पण विज्ञान कुठे आहे? ऑपरेशन दोन ओळींत उरकलंय. बाकीचं सगळं घरातलं." तू शांतपणे कागद घेतलेस. "बरं जी काका. आपरेशन झालं का मंग बाकीचं लिवून देते." ते ओशाळले, पण अंक तुझ्या गोष्टीशिवायच निघाला. बोरकरांचं यान मात्र मंगळावर पोचलं.

मग ती बातमी. शाळेच्या स्टाफरूममध्ये एक इंग्रजी मासिक पडलं होतं, बरंच जुनं. त्यात वाचलं की अमेरिकेत एका माणसाचं खराब झालेलं दार काढून तिथं माणसानं बनवलेलं दार बसवलं, आणि तो माणूस उठून घरी गेला. चित्रही होतं: तारांचा छोटा पिंजरा आणि आत वर-खाली होणारी गोळी. मी मासिक मागून घेतलं आणि उन्हातून जवळजवळ पळत घरी आले. तू खुर्चीवर बसून लसूण सोलत होतीस. मी वाचलं, मराठीत सांगितलं. तू लसणाची पाकळी तशीच चिमटीत धरून बसलीस.

"अजून एकदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. चित्रावर तू बोट फिरवलंस. मग हसलीस. "मंग माही गोष्ट गेली."

"गेली म्हणजे?"

"विज्ञानकथा नाई राह्यली. बातमी झाली ते."

त्या दिवशी आपला खरा वाद सुरू झाला. मी म्हणाले, लिहिली तेव्हा ती विज्ञानकथा होती, म्हणजे कायमची होती. खरी ठरली म्हणून तिची जात बदलत नाही. तू म्हणालीस, "तिकडच्या मानसासाठी बदलली ना. त्यानं आज वाचली तं म्हनन, यात नवीन काय? माह्यासाठी अजून विज्ञानकथाच हाय. अन् गावात आईले वाचून दाखवा, ते म्हनन देवीनं केलं. गोष्ट एकच. मंग तिले नाव कोन देते? लिवनारा, का वाचनारा?"

मी म्हणाले, विचार करून सांगते. वर्गात मुलांना देते तेच उत्तर. तू पुन्हा लसूण सोलायला लागलीस, आणि सोलता सोलता एकदम रडायला लागलीस. तुला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. "वहिनी, नसतं तं नसतं," तू म्हणत होतीस. "नव्हतंच, तं बरं होतं. आता हाय अन् मले नाई."

डॉक्टरांना विचारलं. त्यांनाही ते माहीत होतं. आपल्याकडे यायला अजून काही वर्षं लागतील, म्हणाले. किती, ते दादांनी विचारलं. डॉक्टरांनी तुझ्या नाडीवरचं बोट काढलं.

या सगळ्या बोलण्यात दादा कधी पडले नाहीत. वाद चालला की ते रेडिओची कळ फिरवत बसायचे. पण एका संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि तुझ्या ताटाशेजारी ठेवली. आत पितळेच्या तारेचा पिंजरा होता, जुन्या बेअरिंगमधली गोळी घालून, मासिकातल्या चित्राबरहुकूम केलेला. कोणत्या सुट्टीत केला, किती वेळा मोडून पुन्हा केला, ते त्यांनी सांगितलं नाही. "असं असते म्हने ते," एवढंच म्हणाले.

तू तो हलवून पाहिलास. गोळी वर गेली, खाली आली. फार सुरेख झालं होतं ते काम. तू बराच वेळ बघत राहिलीस आणि मग, लहान पोरीसारखं, म्हणालीस, "दादा, हे बसवता नाई येत का रे?"

दादा ताटावरून उठले. मला वाटलं, रागावले. ते मागच्या अंगणात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे होते. तू माझ्याकडे पाहिलंस, "मी कावून बोलली असं?" म्हणालीस, आणि दोघींनीही पुढे घास घेतला नाही.

मला तुझा राग येत असे, शकू, हेही आज सांगते. तू कधी त्रागा केला नाहीस, म्हणून यायचा. लग्नाची स्थळं परस्पर परत जायची, तू शेजारणीच्या मुलीच्या रुखवतासाठी रांगोळीचे कागद कापून द्यायचीस. बाजारात रशियन बायका भेटल्या की त्यांना मराठीत भाव सांगायला शिकवायचीस. माझ्या शाळेतल्या तक्रारी ऐकून घ्यायचीस. तुझ्यामुळे माझ्या डोक्यातलं विज्ञान पुस्तकातून बाहेर आलं. वर्गात मी आता हृदयाचं चित्र काढते तेव्हा पाठ केलेलं बोलत नाही. हे तुझं माझ्यावर केवढं ऋण, ते तोंडानं सांगायचं राहिलं. तू हसून "काई बी बोलता जी" म्हणाली असतीस, म्हणून राहिलं.

या उन्हाळ्यात तुझे पाय सुजले ते उतरलेच नाहीत. मग पोट. आडवं झालं की पाण्यात बुडल्यासारखं होतं म्हणायचीस, म्हणून बसूनच झोपायचीस, पुढे उशी घेऊन. दवाखान्यात नेलं तेव्हा दादांनी तुला उचललं, आणि उचलल्यावर त्यांचा चेहरा बदलला. इतकी सूज असून तू इतकी हलकी होतीस.

शेवटच्या सकाळी तू मला जवळ बोलावलंस. एकेका शब्दाला थांबत होतीस.

"तुमी... सांगनार होत्या ना. नाव... कोन देते?"

मी इतके दिवस विचार केला होता. तुझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "ज्याला ते अजून मिळालेलं नाही, तो देतो, शकू. ज्याला मिळालं, त्याच्यासाठी ती गोष्ट संपली. जो वाट पाहतो, त्याच्यासाठीच ती विज्ञानकथा."

मला वाटलं होतं, तुला पटेल. तू मान हलवलीस. नाही. अगदी स्पष्ट, नाही. काहीतरी सांगायला ओठ उघडलेस. तेवढ्यात नर्स ऑक्सिजनची नळी नीट करायला आली आणि मला बाजूला व्हावं लागलं. नंतर तुला बोलायला श्वास उरला नाही. तुझं उत्तर वेगळं होतं. ते काय होतं, हे मला आता कुणीच सांगू शकत नाही.

दुपारी तू गेलीस. शॉपमध्ये फोन केला. दादा कामाच्या कपड्यांतच आले, कोपरापर्यंत तेल आणि काजळी. तुझ्या खाटेजवळ येऊन थांबले, हात पुढे केले आणि मागे घेतले. मग वळून नळावर गेले. साबण लावून घासत राहिले, घासत राहिले. शेवटी मी जाऊन नळ बंद केला.

गेल्या आठवड्यात पाठककाका आणि बोरकर भेटायला आले. पाठककाका म्हणाले, "तिची गोष्ट या अंकात घ्यावी म्हणतो. श्रद्धांजली म्हणून." बोरकर म्हणाले, "आठवणींच्या सदरात घेऊ. आता विज्ञानकथा कशी म्हणायची? ते दार तर निघालं. आणि शेवटी ती तिच्या स्वतःच्याच जीवाची गोष्ट."

मी भांडले, शकू. डोळ्यांतून पाणी गळत असताना भांडले. म्हणाले, ती आठवण नाही. तिच्या आयुष्यात यातलं काहीही घडलेलं नाही. तिनं चाळिशीचा विचार करणारी मुलगी लिहिली, आणि ती स्वतः पंचविशीही पाहू शकली नाही. जे झालंच नाही ते आठवण कसं होईल? आणि इच्छाही नाही ती. इच्छा असती तर मुलगी तळ्याला फेरी मारून थांबली असती. तिनं पुढचं लिहिलं, तेही तिला सोयीचं नसलेलं लिहिलं. बोरकर काही बोलणार होते. तेवढ्यात दादांनी, आयुष्यात पहिल्यांदा, या वादात तोंड घातलं.

"तिनं वरतं काय लिवलं होतं?"

"विज्ञानकथा," मी म्हणाले.

"मंग तेच छापा."

पाठककाकांनी चष्मा काढून पुसला आणि मान डोलावली. तुला म्हणायचं होतं ते हेच होतं का गं? लिहिणाराच नाव देतो, असं? असेल. नसेलही. तू असतीस तर यातही खोड काढली असतीस.

एक गोष्ट राहिली. ती मी दादांना सांगितलेली नाही, सांगणारही नाही. तुला सांगते, कारण तुला आता ती दुखणार नाही.

दवाखान्याच्या चादरी परत द्यायला गेले तेव्हा डॉक्टर भेटले. त्यांनी बसवून घेतलं. हे दुखणं काळजात सुरू होत नाही, म्हणाले, घशात सुरू होतं. मला आठवलं, तू सांगितलं होतंस: लहानपणी एकदा घसा धरला, ताप आला, मग गुडघे सुजले. गावात लेप लावला, देवीचा अंगारा लावला. तू उठलीस, खेळायला लागलीस, आणि सगळे विसरून गेले. मी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा काही करता आलं असतं? त्यांनी टेबलाकडे बघत सांगितलं. पेनिसिलिन. साधी इंजेक्शनं. तेव्हा ती निघालेली होती, जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळत होती. वेळेवर दिली असती आणि पुढे चालू ठेवली असती, तर बहुतेक काळजापर्यंत गेलंच नसतं.

आपण दोघी पोलादाचं दार शोधत बसलो होतो, शकू.

तू गेल्याचं कळून गावाहून आलेल्या आईंना परवा गाडीत बसवायला मी एकटीच दुर्गला गेले. दादांना जमलं नाही, म्हणजे त्यांच्यानं येववलं नाही. आई खिडकीशी बसल्या. बोचकं मांडीवर. इतके दिवस त्या फारशा बोलल्याच नव्हत्या. आल्यागेल्याला पाणी विचारत होत्या, तुझी पातळं घडी करून ठेवत होत्या. गाडी सुटायची वेळ झाली तशी त्यांनी गजांमधून माझा हात धरला.

"सूनबाई, तू शिकलेली हायेस. मले खरं सांग. लहानपनी काई केलं असतं, तं वाचली असती का व माही पोर?"

इंजिनानं शिटी दिली. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाही, आई," मी म्हणाले. "तेव्हा त्याच्यावर औषधच निघालं नव्हतं."

त्यांनी माझा हात सोडला. पदरानं डोळे पुसले.

"मंग बरं," त्या म्हणाल्या. "मले वाटे, माहंच चुकलं."